चिखल्यांवरची क्लोट्रिमाझोल पावडर: उपयोग आणि मर्यादा

औषधाच्या दुकानात सहज मिळणारी 1 टक्का क्लोट्रिमाझोल या बुरशीनाशक औषधाची डस्टिंग पावडर मी गेल्या पावसाळ्यात पायांच्या चिखल्यांसाठी, म्हणजे बोटांच्या बेचक्यांतल्या बुरशीच्या संसर्गासाठी, वापरली. नुकत्याच सुरू झालेल्या चिखल्यांवर ती चांगली लागू पडते. मात्र त्याचे श्रेय औषधाइतकेच पावडरीच्या कोरडेपणालाही द्यावे लागेल.

त्वचेचा सर्वांत वरचा थर केराटिन या चिवट प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचा असतो. तो कोरडा व किंचित आम्लधर्मी राहतो आणि सतत झडत असतो, त्यामुळे त्यावर येऊन बसलेले बुरशीचे बीजाणू बहुधा रुजण्याआधीच गळून पडतात. इतरत्र तैलग्रंथींतून येणारी स्निग्धाम्लेही बुरशीला आवर घालतात, पण तळपायाला या ग्रंथीच नसतात. तरीही बुरशीने मूळ धरलेच, तर खालच्या जिवंत पेशी तिच्या पेशीभिंतीतले बीटा-ग्लुकन (शर्करेच्या लांब साखळ्या) ओळखतात, डिफेन्सिनसारखे जंतुमारक रेणू सोडतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात; आपल्याला दिसणारी लाली ही बव्हंशी या प्रतिकाराचीच खूण असते.

दिवसभर ओल्या बुटांत राहिलेल्या बोटांच्या बेचक्यांत हा वरचा थर भिजून पांढरा पडतो आणि पहिली तटबंदी तिथेच ढासळते. पावडर तो ओलावा शोषते, तर क्लोट्रिमाझोल बुरशीच्या पेशीपटलाला लागणारे एर्गोस्टेरॉल हे स्निग्ध द्रव्य तयार होऊ देत नाही. अट एकच, पाय फडक्याने नीट टिपून मगच ती लावावी. ओल्या पायावर तिचा नुसता लगदा होतो. (मी घेतलेल्या डबीच्या झाकणाची भोके इतकी मोठी होती की बरीच पावडर फरशीवरच सांडत असे.)

भेगा पडल्या असतील किंवा बुरशीचा नायटा जांघेपर्यंत पसरला असेल, तर निव्वळ पावडरीवर विसंबू नये, आणि मधुमेह असलेल्यांनी तर थेट डॉक्टरांकडेच जावे. अशा वेळी काउंटरवरून स्टेरॉइड मिसळलेले मलम हातात पडण्याचा संभव असतो. त्याने खाज पटकन थांबते, कारण स्टेरॉइड त्वचेचा प्रतिकारच दडपते; बुरशी मात्र आतून पसरत राहते आणि नायट्याचे रूप इतके बदलते की तो ओळखणेही अवघड होते. भारतात ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए या, अनेकदा टर्बिनाफिन या बुरशीनाशकालाही न जुमानणाऱ्या, बुरशीमुळे चिवट नायटे वाढले असताना ट्यूबवरील घटकांत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन या स्टेरॉइडचे नाव दिसले, तर ती दुकानदाराला परत करणेच इष्ट.