‘६५’च्या आधीचे ‘१९’ मीच लावले

दोन लाख पस्तीस हजार रुपये मोजून मी फेंडर या अमेरिकन कंपनीचा, ट्यूबवर म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, गिटारचा आवाज मोठा करणारा जो अ‍ॅम्प घरी आणला, तो १९६५ सालचा नाही, मार्च २००२चा आहे. हे कळायला साडेतीन महिने गेले आणि कळलं तेव्हा विकणाऱ्याचा फोन लागत नव्हता. लिहिताना लाज वाटतेय, पण मुंबईत जुने अ‍ॅम्प शोधत फिरणारा मी काही एकटा नाही.

जाहिरात दोन ओळींची होती. ‘फेंडर ६५ डिलक्स रिव्हर्ब. उत्तम स्थितीत. टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये.’ मी लगेच फोन केला. पलीकडचा माणूस अगदी घरगुती बोलणारा. अ‍ॅम्प त्याच्या काकांचा. काका सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे, ताडदेवला फिल्म सेंटरमध्ये, महालक्ष्मीला फेमसमध्ये रेकॉर्डिंगला जायचे. आता काका नाहीत, काकू एकट्या, घर रिकामं करायचंय. "तुमच्यासारख्या वाजवणाऱ्याच्या घरी गेला तर बरं वाटेल," असंही म्हणाला. इथेच माझा अर्धा खिसा रिकामा झाला होता.

रविवारी दुपारी माझगावला गेलो. तळमजल्याची खोली, खिडकीला निळ्या फुलांचा पडदा, कोपऱ्यात चादरीखाली अ‍ॅम्प. त्याने चादर ओढली. काळी पट्टी, चंदेरी जाळी, डाव्या खांद्याजवळ रेक्झिन अंगठ्याएवढं फाटलेलं. बटण दाबलं, लाल दिवा लागला, थोड्या वेळाने मागे ट्यूब तांबूस झाल्या. मी गिटार जोडली आणि पाऊण तास वाजवत बसलो. आवाज सुरेखच होता. आजही आहे. पण आवाजावरून साल कळत नाही, हे त्या दुपारी मला कोणी सांगायला हवं होतं.

मी अगदीच कोरा गेलो नव्हतो. जुन्या फेंडरच्या आत एक कागद चिकटवलेला असतो, कुठली ट्यूब कुठे बसवायची ते दाखवणारा. त्यावर दोन इंग्रजी अक्षरांचा शिक्का असतो. पहिलं अक्षर वर्षाचं, ए म्हणजे १९५१, मग एकेक पुढे. दुसरं महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी. हे मला ठाऊक होतं आणि हे ठाऊक असल्याचा थोडा माजही होता. मी बॅटरी मागितली तर त्याने स्वतः मोबाइलचा उजेड धरला. पिवळा पडलेला कागद, त्यावर ‘ओ ई’. ओ म्हणजे १९६५, ई म्हणजे मे. माझा ऊर भरून आला. तो हळूच म्हणाला, "सीबीएसच्या आधीचा पीस आहे हा."

लिओ फेंडरने आपली कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला विकली ती जानेवारी १९६५ मध्ये. त्याच्या आधीच्या मालाला शौकीन लोक जास्त भाव देतात. मग मे महिन्याचा अ‍ॅम्प सीबीएसच्या आधीचा कसा? हा हिशोब चौथीतल्या मुलालाही जमला असता. मी बँकेत नोकरी करतो, दिवसभर तारखाच तपासतो. तरी मान डोलावली.

आणखी एक. त्याने अ‍ॅम्प सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावला होता. अमेरिकेतल्या घरगुती विजेसाठी बनलेल्या त्या काळच्या फेंडरवर ११७ व्होल्ट लिहिलेलं असतं. आपल्याकडे तो चालवायचा तर मध्ये व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. मी विचारलं. "काकांनी एक्स्पोर्ट मॉडेल मागवलं होतं." संपला विषय. ट्यूबही आरसीए या अमेरिकन कंपनीच्या, जुन्या आहेत म्हणून एक काढून दाखवली. पावणेतीन लाखांवरून सौदा दोन पस्तीसवर आला. पंचवीस हजार यूपीआयने, उरलेले रोख, कारण काकूंच्या औषधपाण्याला रोखच लागते. घरी येताना टॅक्सीत अ‍ॅम्प मांडीला टेकवून बसलो होतो. बायकोला आकडा एक लाख सांगितला.

पावसाळ्यात अ‍ॅम्प गुणगुणायला लागला. लॅमिंग्टन रोडला एका जिन्यात एक काका बसतात. मर्फी आणि बुशचे रेडिओ दुरुस्त करण्यात उमर गेली, ते ट्यूब म्हणत नाहीत, व्हॉल्व्हच म्हणतात. त्यांनी आधी मला हात मागे घ्यायला लावला. प्लग काढला तरी आत चारशेच्या आसपास व्होल्ट कपॅसिटरमध्ये बसून असतात. त्यांनी रेझिस्टर लावून ते उतरवले, मीटरने तपासले, मगच चॅसी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, बाहेर घेतली. (घरी हा उद्योग कोणी करू नका, साल बघण्यासाठी तर नाहीच.)

चॅसी उलटी करून ते आत बघत राहिले. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "कुठल्या सालचा म्हणालात?"

"पासष्ट."

"पासष्टला असं छापील बोर्ड? अहो, तेव्हा हातानं जोडत होते."

खरा १९६५ चा अ‍ॅम्प उघडला की काळ्या फायबरची पट्टी दिसते, तिच्यावर धातूच्या छोट्या कड्या, कड्यांमध्ये डाखलेले भाग आणि कापडी वेष्टणाच्या तारा. माझ्यात सरळ पीसीबी, म्हणजे छापील बोर्ड, होता. मग त्यांनी ट्यूबचा कागद नखाने उचलला. एक कोपरा सहज सुटून आला. पुढून चहात बुडवल्यासारखा पिवळा, मागून वहीच्या नव्या पानासारखा पांढरा. तसे नवे छापलेले कागद विकत मिळतात, हे मला नंतर समजलं. शेवटी त्यांनी कापसावर स्पिरिट घेऊन मागच्या पट्टीचा एक कोपरा पुसला. कापूस काळा झाला. मार्करची शाई होती. खाली छोटासा ‘सीई’ असा ठसा. युरोपात विकायच्या मालावर हा ठसा मारायची पद्धत नव्वदच्या दशकातली.

"पण ट्यूब आरसीएच्या आहेत ना?" मी चाचरत विचारलं.

"व्हॉल्व्ह काय, टायर आहेत ते. जुने मिळाले, जुने घातले."

घडलेलं असं. फेंडरने १९९३ पासून जुन्या डिलक्स रिव्हर्बची नवी आवृत्ती, म्हणजे रीइश्यू, बाजारात आणली आणि तिचं नावच ‘६५ डिलक्स रिव्हर्ब’ ठेवलं. १९६५ साली तो अ‍ॅम्प नुसता ‘डिलक्स रिव्हर्ब’ होता. स्वतःच्या नावात साल कोण घालेल? म्हणजे जाहिरातीतला ६५ हाच तो नवा असल्याचा पुरावा होता, आणि मी तोच जुनेपणाचा दाखला समजून चालत होतो. रीइश्यू वाईट नसतो. बावीस वॉट, त्याच नऊ ट्यूब, पुष्कळ चांगले वादक तोच वापरतात. फक्त त्याची किंमत ती नाही.

महिना-साल कळलं ते योगायोगाने. फाटलेलं रेक्झिन एका मित्राने फोटोत ओळखलं. अंधेरीतल्या एका स्टुडिओने दोन वर्षांपूर्वी हाच अ‍ॅम्प पंच्याऐंशी हजाराला विकायला काढला होता. तेव्हाच्या फोटोत मागे क्वालिटी तपासणीचं स्टिकर दिसतं, त्यावर ‘एम सी’. १९९० पासूनच्या मालावर फेंडरने अक्षरं पुन्हा ए पासून सुरू केली, त्या हिशोबाने एम म्हणजे २००२, सी म्हणजे मार्च. माझ्याकडे आला तेव्हा स्टिकरच्या जागी फक्त एक स्वच्छ चौकोन होता. तो चौकोन मी माझगावलाच पाहिला होता. काकांनी नाव-पत्ता चिकटवला असेल, असं मीच मनात म्हटलं होतं.

पोलीस ठाण्यात गेलो. ड्युटीवरच्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं, व्हॉट्सअ‍ॅप वरपासून खालपर्यंत वाचलं. "यात त्यानं एकोणीसशे पासष्ट कुठं लिहिलंय?" कुठेच नव्हतं. सगळीकडे ‘६५ डिलक्स’. काका, फिल्म सेंटर, सीबीएस, एक्स्पोर्ट मॉडेल हे सगळं तोंडी. "तुम्ही ६५ मागितलं, ६५ मिळालं. रोख रकमेची पावती?" तीही नव्हती. अर्ज घेतला, पोच दिली. माझगावची खोली महिन्याच्या भाड्याची होती, तिथे आता दुसरंच बिऱ्हाड आहे.

लॅमिंग्टन रोडच्या काकांनी मला मग पुढच्या वेळेसाठी दाखवून ठेवलं, चॅसी न उघडता काय दिसतं ते. अ‍ॅम्पच्या मागून आत उजेड टाकला की ट्रान्सफॉर्मर दिसतात. त्या काळच्या फेंडरवर बहुधा ६०६ ने सुरू होणारा आकडा असतो. ६०६ म्हणजे शूमाकर ही ट्रान्सफॉर्मर बनवणारी कंपनी, पुढचा आकडा वर्षाचा शेवटचा, त्यापुढचे दोन आठवड्याचे. ६०६-५-१८ म्हणजे १९६५ चा अठरावा आठवडा. स्पीकरवरही तसंच, ऑक्सफर्ड कंपनीचा आकडा ४६५, जेन्सनचा २२०. स्पीकर बदललेला असू शकतो, एखादा ट्रान्सफॉर्मरही. पण सगळे आकडे कागदावरच्या शिक्क्याच्या थोडे आधीचे आणि एकमेकांच्या आसपासचे निघाले पाहिजेत. माझ्या अ‍ॅम्पवर ६०६ औषधालाही नव्हता. कागद नवा चिकटवता येतो, ट्यूब बदलता येतात. सगळ्या आकड्यांचा मेळ घालणं फार खर्चिक, तितकी मेहनत हे लोक घेत नाहीत. आणि साल लिहून मागा, चारही आकडे.

बायकोला खरा आकडा गणपतीत कळला. त्यावर मी इथे काही लिहीत नाही.

गेल्या आठवड्यात एका मित्राने नवी जाहिरात पाठवली. ‘फेंडर ६५ ट्विन रिव्हर्ब. काकांचा.’ फोटोत मागे निळ्या फुलांचा पडदा. मी दुसऱ्या नंबरवरून मेसेज टाकला, "ट्रान्सफॉर्मरवरच्या आकड्याचा फोटो पाठवता का?" दोन निळ्या टिका आल्या. पाच मिनिटांनी बघतो तर त्याचा डीपी गायब.