वाइल्डरनेस की स्टॉर्म्स रिव्हर: गार्डन रूटवर मुक्काम कुठे टाकावा?

दक्षिण आफ्रिकेतल्या गार्डन रूट या किनारपट्टीला निघालेले आपल्याकडचे बरेचजण केपटाउनहून गाडी काढतात आणि मोसेल बे, नाइस्ना, प्लेटेनबर्ग बे अशी रोज एका गावी रात्र काढतात. चारच रात्री असतील तर माझं कळकळीचं सांगणं आहे, असं करू नका. निम्मा वेळ बॅगा भरण्यात जातो, आणि ज्यासाठी एवढ्या लांब यायचं ते जंगल आणि समुद्र गाडीच्या काचेतूनच बघितले जातात.

या किनाऱ्यावरची जुनी संरक्षित क्षेत्रं जोडून २००९ मध्ये गार्डन रूट राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच्या पश्चिमेला वाइल्डरनेस, पूर्वेला त्सित्सिकामामधलं स्टॉर्म्स रिव्हरचं मुख. मध्ये साधारण १५० किलोमीटर. दोन्हीकडे उद्यानाच्याच आवारात राहायची सोय आहे आणि बऱ्याच खोल्यांना स्वयंपाकघर आहे. शाकाहारी मंडळींना हा मोठाच आधार, कारण छोट्या गावांतल्या हॉटेलांत भाजी म्हणून बहुधा तळलेले बटाटेच समोर येतात.

वाइल्डरनेस म्हणजे संथ पाणी. नदी, सरोवरं, मागे जंगलाने भरलेले डोंगर. इथल्या कॅम्पचं नावच 'एब अँड फ्लो', म्हणजे ओहोटी-भरती. नदीचं मुख वाळूच्या बांधाने कधी बंद होतं, कधी उघडतं. कोकणातल्या खाड्या पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. सकाळी डोंगी भाड्याने घ्यावी आणि वल्हवत वर जावं. दुसरी वाट पायी धबधब्यापर्यंत जाते, जाऊन-येऊन सात किलोमीटरच्या आसपास. वाटेत दोरी ओढत तराफ्यावरून नदी ओलांडायची असते; मुलं तिथून हलायला तयार होत नाहीत. पक्षी बघणाऱ्यांना तर इथे दोन दिवसही अपुरे पडतील. इथली सरोवरं १९९१ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहेत आणि खंड्याच्याच कितीतरी जाती दिसतात. गावाचा समुद्रकिनारा लांबच लांब आणि देखणा आहे, पण पाण्याला आतली ओढ जबरदस्त. चालायला उत्तम, पोहायला नको. मुलांना नदीतच उतरू द्या.

स्टॉर्म्स रिव्हरला मात्र समुद्र दाराशी येतो. खोल्या आणि खडक यांच्यात गवताचा एक पट्टा, पलीकडे फुटणाऱ्या लाटा. पहिल्या रात्री त्या आवाजाने मला झोप लागली नाही. दुसऱ्या रात्री त्याच आवाजात गाढ लागली. आता गार्डन रूट उद्यानात सामील झालेलं त्सित्सिकामा हे आफ्रिकेतलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान, १९६४ चं. उपाहारगृहापासून लाकडी फळ्यांची वाट झाडीतून नदीच्या मुखाकडे जाते आणि तिथे ७७ मीटरचा झुलता पूल आहे. खाली काळंभोर पाणी, दोन्ही बाजूंना कडे. अंतर किलोमीटरभरच, पण पायऱ्या भरपूर. आईचे गुडघे दुखत असतील तर हे आधीच लक्षात घ्या.

पाय धड असतील तर इथलीही धबधब्याची वाट सोडू नका. ४५ किलोमीटरच्या, पाच दिवसांच्या ऑटर ट्रेलचा हा पहिला तुकडा, जाताना तीन किलोमीटर. तिथपर्यंत कुणालाही जाता येतं. पुढे फक्त परवानाधारक, आणि तो परवाना वर्षभर आधी मिळवावा लागतो. तीन किलोमीटर ऐकून फसू नका. मोठमोठ्या दगडांवरून तोल सांभाळत जायचं असतं, पाऊस झाला की ते निसरडे होतात आणि पाऊस इथे बाराही महिने पडतो. बंजीवाल्यांसाठी २१६ मीटर उंचीचा ब्लोक्रांस पूल जवळच आहे.

मधल्या गावांपैकी नाइस्ना जाता-येता अर्ध्या दिवसात होतं. प्लेटेनबर्ग बेला मात्र रॉबर्गसाठी थांबाच. समुद्रात घुसलेल्या त्या भूशिरावर सीलचे थवे दिसण्याआधी त्यांचा वास येतो. इतिहासाची ओढ असलेल्याने मोसेल बेलाही उतरावं. १४९७ मध्ये कालिकतला येताना वास्को द गामा तिथे थांबला होता.

काळ कोणता? मेच्या सुट्टीत तिथे हिवाळ्याची चाहूल असते आणि साडेपाचच्या सुमारास दिवस मावळतो. डोंगी, पायवाट, पूल असं सगळं एका दिवसात बसत नाही. दिवाळीची सुट्टी कितीतरी बरी: वसंत, मोठे दिवस आणि नशिबात असेल तर किनाऱ्याजवळ देवमासेही. डिसेंबरात तिथल्याच लोकांची सुट्टी असते, खोल्या मिळणं अवघड.

माझा कौल? आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर असतील तर चारही रात्री वाइल्डरनेस. स्टॉर्म्स रिव्हरला एक दिवस पहाटे निघून जाऊन या. दोघंच असाल किंवा चालणारी मित्रमंडळी असेल, तर तीन रात्री स्टॉर्म्स रिव्हर आणि वाटेवर एक रात्र वाइल्डरनेस. एकच रात्र स्टॉर्म्स रिव्हरला काढायचा विचार असेल तर तो सोडा, कारण हवा बिघडली तर पुलावरून फक्त धुकं दिसेल.

गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची, तेव्हा ती धास्ती नको. मात्र वाइल्डरनेसहून निघालात तर तांदूळ, डाळ, दूध, भाजी प्लेटेनबर्ग बेलाच भरून घ्या आणि उजेड असतानाच पोहोचा. पुढे तेवढं मोठं दुकान लागत नाही, आणि महामार्ग सोडल्यावर समुद्राकडे उतरणारा रस्ता दाट झाडीतला, वळणावळणांचा आहे.