साहेबांची जागा, ड्रायव्हरचं नाव आणि आमचे 14 लाख

प्लॉटच्या जाहिरातीत ‘साहेबांची जागा’ असं कुठे छापलेलं नसतं. ते एजंट तोंडी सांगतात, जागा दाखवून झाल्यावर, गाडीत बसता बसता. “काका, जागा साहेबांची आहे. कागद एकदम क्लिअर.” सातबारावर नाव दुसऱ्याचंच असतं, तरी हे वाक्य ऐकून शंका यायच्या ऐवजी धीर येतो. वरच्या अधिकाऱ्याची जागा म्हणजे एनए (बिगरशेती परवानगी), मोजणी, रस्ता सगळं करून घेतलेलं असणार. आमच्या प्लॉटच्या बाबतीत ते खरंही निघालं. एनएचा आदेश खरा, मोजणीची ‘क’ प्रत खरी, नऊ मीटरचा रस्ता खरा. खोटा फक्त मालक होता.

हा व्यवहार 2023 मधला. बाबा एसटीतून निवृत्त झाले, त्यांच्या फंडाच्या आणि ग्रॅच्युइटीच्या पैशातून पुण्याबाहेर चार गुंठ्यांचा प्लॉट घ्यायचं ठरलं. आसपास दहा-अकरा लाख गुंठा चालू असताना हा आठने मिळत होता. स्वस्त का, असं मी विचारलंच. एजंट म्हणाला, साहेबांच्या मुलीचं परदेशात शिक्षण चालू आहे, पैशांची निकड आहे, म्हणून सोडतायत. खातं कुठलं, साहेब कोण, हे मी इथे लिहिणार नाही. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. कागदावरचा मालक मात्र वेगळा होता. तो साहेबांच्या घरच्या गाडीवरचा ड्रायव्हर. व्यवहाराच्या वेळी एजंटाने त्याची ओळख ‘साहेबांचे गाववाले, शेतकरी’ अशी करून दिली होती.

आम्ही नोंदणीकृत साठेखत, म्हणजे पुढे खरेदीखत करण्याचा करार, केला. 14 लाख आरटीजीएसने ड्रायव्हरच्या खात्यात गेले, उरलेले 18 लाख खरेदीखताच्या वेळी द्यायचे होते. वकिलाचा शोध अहवाल होता, तीस वर्षांचा, स्वच्छ. सातबाराच्या इतर हक्काच्या रकान्यात बोजा नाही, कोर्टाची नोंद नाही. मी सुचवलं होतं की पेपरात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवू. त्यावर एजंट हसला. “मॅडम, नोटीस दिली की गावातली रिकामटेकडी माणसं उगाच हरकती घालतात. मग त्यांना गप्प करायला परत पैसे.” वकीलही त्यानेच सुचवलेला होता, त्यामुळे तोही ‘गरज नाही’ म्हणाला.

पुढची बातमी आम्हाला पेपरातून कळली. बाबांनी पान माझ्यापुढे सरकवलं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने एका अधिकाऱ्यावर अपसंपदेचा, म्हणजे उत्पन्नाशी न जुळणाऱ्या मालमत्तेचा, गुन्हा दाखल केला होता आणि नातेवाईक व इतरांच्या नावे घेतलेल्या मालमत्तांच्या यादीत आमच्या गावाचं नाव होतं. गट नंबर नव्हता. त्याची गरजही नव्हती.

ही प्रक्रिया कशी चालते ते मला नंतर समजलं, आणि समजल्यावर आठ लाखाच्या भावाचा उलगडा झाला. अपसंपदेचा गुन्हा एका दिवसात होत नाही. आधी गुप्त चौकशी होते, मग उघड चौकशी. उघड चौकशीत अधिकाऱ्याला बोलावून त्याच्या उत्पन्नाचे आणि खर्चाचे तपशील मागतात. ठरावीक परीक्षण कालावधी धरतात, त्या काळातलं ज्ञात उत्पन्न, खर्च आणि मालमत्ता यांचा ताळा मांडतात. दहा टक्क्यांपर्यंतची तफावत कोर्टं पूर्वीपासून सोडून देत आलीत, 1977 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून. त्यापुढे गेलं की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम 13, शिक्षा चार ते दहा वर्षं. म्हणजे उघड चौकशी लागली की साहेबाला काय येणार आहे ते कळतं, आणि यादीत नाव येण्याआधी जागा रोखीत बदलायची घाई सुरू होते. मुलीच्या परदेशातल्या शिक्षणाची हकीकत तेव्हाच जन्माला येते.

आम्हाला वाटलं, निदान पैसे तरी परत मिळतील. बाबा आणि मी ड्रायव्हरच्या घरी गेलो. दोन खोल्या, बाहेर पत्र्याची मोरी. माणूस वयाने माझ्यापेक्षा लहान. “ताई, मी फक्त सह्या केल्या,” एवढंच तो परत परत म्हणत होता. मग आत जाऊन पासबुक घेऊन आला. आमचे 14 लाख जमा झाल्याची नोंद, आणि त्याच्या खाली दुसऱ्याच दिवशी दोन रकमा वेगवेगळ्या खात्यांत गेल्याची नोंद. शिल्लक अकराशे काही रुपये. पासबुकाच्या कव्हरमध्ये घडी घातलेला एक कागद होता. तो त्याने आपणहून दाखवला, कारण त्याचा अर्थ त्याला आमच्याकडून समजून घ्यायचा होता. प्राप्तिकर खात्याच्या बेनामी प्रतिबंधक शाखेची कलम 24 खालची कारणे दाखवा नोटीस होती ती. ही मालमत्ता बेनामी, म्हणजे पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं अशी, का समजू नये, अशी विचारणा. तारीख आमच्या साठेखताच्या आधीची होती.

म्हणजे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठा आणि फोटो देताना ती नोटीस त्यांच्या हातात होती. ड्रायव्हरला ती वाचता आली नसेल, मी मानते. पण ती घेऊन तो साहेबांकडे गेला होता आणि साहेबांनीच ‘ठेव तुझ्याकडे, बघतो मी’ म्हणून सांगितलं होतं. नोटीस निघाली तरी लगेच सातबारावर काही उमटत नाही. तात्पुरत्या जप्तीचा आदेश निघतो, तो तहसीलदाराकडे आणि निबंधकाकडे जातो, मग कधीतरी इतर हक्कात नोंद चढते. मधल्या काळात शोध अहवाल स्वच्छच येणार. आम्हाला गाठलं ते नेमकं या मधल्या काळात.

या फसवणुकीचं खरं कौशल्य पुढे आहे. साधा लबाड विक्रेता एकच प्लॉट दोघांना विकतो, तेव्हा निदान त्याच्या दाराशी जाऊन बसता येतं. इथे दारच नाही. कागदावरच्या मालकाकडे पैसे नाहीत. ज्याच्याकडे पैसे आहेत तो ‘माझा त्या जागेशी काडीचा संबंध नाही’ म्हणतो, आणि त्याला तसं म्हणावंच लागतं, कारण संबंध कबूल करणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. बेनामी कायद्याखाली एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड आहे. आम्ही वकिलामार्फत पाठवलेल्या नोटिशीला साहेबांच्या वकिलाचं उत्तर तीन ओळींत आलं. व्यवहार दोन साक्षर प्रौढ व्यक्तींमधला आहे, आमच्या अशिलाचा त्याच्याशी संबंध नाही, बदनामी केल्यास कारवाई करू. जी शिक्षा साहेबांना, तीच नाव वापरू देणाऱ्यालाही आहे, हे ड्रायव्हरला आम्ही सांगितलं तेव्हा तो खाली बसला. मला त्याची दया आली. बाबांना आली नाही.

एजंटाने सुरुवातीला फोन उचलले. त्याचं म्हणणं, घाबरू नका, सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बेनामी कायदाच उडवलाय. हे ऐकून बरीच माणसं शांत होतात, म्हणून सांगते. ऑगस्ट 2022 चा तो निकाल 2016 ची दुरुस्ती लागू होण्याआधीच्या व्यवहारांना ती लावता येणार नाही, असा होता. ड्रायव्हरच्या नावावर ही जागा चढली 2019 मध्ये. शिवाय ऑक्टोबर 2024 मध्ये न्यायालयाने तो निकालच मागे घेतला. म्हणजे त्या दिलाशात तेव्हाही तथ्य नव्हतं, आता तर मुळीच नाही.

नंतर मी 2019 च्या खरेदीखताची प्रमाणित प्रत काढली. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये सूची क्रमांक दोन बघता येते. पूर्ण दस्ताची प्रत निबंधकाकडे अर्ज करून मिळते. सूचीत किंमत आणि नावं असतात, पण सगळं बोलतो तो दस्त. लिहून घेणाऱ्याचा धंदा ‘नोकरी’ लिहिलेला. मोबदला काही लाखांत, आणि बहुतेक रक्कम ‘वेळोवेळी रोखीने पोहोचली’. साक्षीदार म्हणून सही कोणाची, तर आमच्याच एजंटाची. शोध अहवाल देणारा वकील मालकी हक्काची साखळी बघतो, ती इथे तुटलेली नव्हतीच. दोन खोल्यांत राहणाऱ्या ड्रायव्हरने इतकी रोकड आणली कुठून, हा प्रश्न साखळीत बसत नाही. त्यामुळे आता कोणी मला विचारलं तर मी सांगते, विकणाऱ्याचा मागचा दस्त वाचा आणि त्याला सरळ विचारा की तुम्ही ही घेतली तेव्हा पैसे कुठल्या खात्यातून दिलेत, त्याचा बँकेचा उतारा दाखवा. खरा मालक चिडेल, पण दाखवेल.

साहेबांनी ही जागा सरकारला कळवली होती का, हेही शोधावंसं वाटलं. 1979 च्या वर्तणूक नियमांप्रमाणे राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना मत्ता व दायित्वांचं विवरण द्यावं लागतं. आयएएस अधिकाऱ्यांची स्थावर मालमत्तेची विवरणं केंद्राच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात. निवडणुकीला उभ्या राहणाऱ्याला गाडीपासून सोन्यापर्यंत सगळं शपथपत्रात लिहावं लागतं आणि ते आपण घरबसल्या वाचतो. मधल्या फळीतल्या अधिकाऱ्याचं विवरण मात्र माहिती अधिकारात मागितलं की ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार येतो. त्यासाठी 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार देतात, आणि ते प्रकरण आपल्याच विदर्भातलं, अकोल्याच्या एका अधिकाऱ्याच्या माहितीवरून उभं राहिलेलं. अर्थात विवरण मिळालं असतं तरी त्यात ड्रायव्हरच्या नावची जागा थोडीच असणार होती. पण खात्याने कधीतरी ते उघडून पाहिलं असतं आणि माणसाच्या राहणीमानाशी ताडून बघितलं असतं, तर हे सगळं 2019 मध्येच थांबलं असतं, असं मला अजून वाटतं.

आमच्या शेजारच्या प्लॉटचे गिऱ्हाईक एक किराणा दुकानदार. त्यांचं खरेदीखत आमच्या आधी झालं होतं, नोटिशीच्याही आधी. कायद्याने त्यांची बाजू आमच्यापेक्षा भक्कम असायला हवी. कलम 27 मध्ये तसं संरक्षण आहे. नोटीस निघण्याआधी, बेनामीची कल्पना नसताना, पुरेसा मोबदला देऊन घेतलेली मालमत्ता जप्त होत नाही. वकिलाने त्यांना विचारलं, एकूण किती दिले? त्यांनी दस्तातला आकडा सांगितला, रेडीरेकनरच्या सरकारी दराला जेमतेम टेकणारा. वकील म्हणाले, खरे किती? ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. निम्म्याहून जास्त रोख गेले होते आणि ते कुठेही लिहिलेले नव्हते. आता ‘पुरेसा मोबदला’ सिद्ध करायचा तर रोकड कबूल करायला हवी, आणि रोकड कबूल केली की ती आली कुठून हा प्रश्न. जमिनीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्यावर बसतो, देणाऱ्यावर नाही. पण दुकानदाराला हिशेबाबाहेरचे पैसे दाखवायची भीती दंडापेक्षा मोठी होती. त्यांनी तक्रार दिलीच नाही.

आमचे पैसे बँकेतून गेले होते म्हणून आम्हाला तोंड उघडता आलं. पोलीस ठाण्यात आधी ‘दिवाणी बाब आहे, कोर्टात जा’ हेच ऐकलं. अर्जाला नोटिशीची आणि साठेखताची प्रत जोडली, दोन्ही तारखांखाली लाल रेघ मारली, तेव्हा 420 खाली गुन्हा नोंदला गेला. बेनामी कायद्याखालच्या न्यायनिर्णय प्राधिकरणापुढे आम्ही हितसंबंधित म्हणून अर्ज केलाय. साठेखताने मालकी येत नाही, त्यामुळे जागा मिळेल ही आशा आम्ही सोडलीय. भांडण आता 14 लाखांचं आहे, आणि ते पासबुकातल्या त्या दोन खात्यांपर्यंत नेता येतंय का, ते बघतोय.

त्याच प्लॉटिंगमध्ये आणखी काहींनी इसार दिलाय असं ऐकलं. त्यांनी एक करावं. उरलेली रक्कम देऊ नये, एजंट ‘खरेदीखत उरकून टाका, मग कोणी हात लावणार नाही’ म्हणाला तरी. कलम 24 ची नोटीस निघाल्यानंतरचं हस्तांतरण या कायद्याखाली धरलंच जात नाही आणि जप्ती झाली की ते रद्दच ठरतं. आधी सातबारा नव्याने काढून इतर हक्क बघा. तिथे काही नसलं तरी पुण्याच्या बेनामी प्रतिबंधक शाखेत गट नंबर घालून लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या, आणि नोटिशीची तारीख विचारा. तुमच्या कागदावरची तारीख आणि ती तारीख, एवढ्यावर सगळं ठरतं. लाचलुचपत विभागाचा 1064 हा नंबर आहे. जागेचे पैसे कोणाच्या सांगण्यावरून कुठल्या खात्यात भरले, हे तुमच्याकडून त्यांना हवंच असतं.