बिलिंग सॉफ्टवेअर, नऊ महिन्यांनंतर: 'डेटाबेस इज लॉक्ड' आणि पुसले जाणारे बिल

आमच्या स्टेशनरीच्या दुकानात हे सॉफ्टवेअर नऊ महिने रोज चालते आहे. जीएसटी, बारकोड आणि साठ्याची नोंद यांबाबत माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती बिल सेव्ह करताना अधूनमधून येणाऱ्या 'डेटाबेस इज लॉक्ड' या संदेशाची, आणि त्याहून जास्त त्याखालच्या 'ओके' बटणाची, कारण ते दाबताच भरलेले अख्खे बिल पुसले जाते. जूनमध्ये, काउंटरवर पालकांची रांग असताना, ३४ ओळींचे बिल मला दोनदा भरावे लागले.

सेवा केंद्राने आधी संगणक बंद करून चालू करायला सांगितले, मग डेटाच्या फोल्डरमधली 'जर्नल' फाइल उडवायला सांगितली. हा सल्ला घातक आहे. सॉफ्टवेअरचा डेटा एसक्यूलाइटमध्ये, म्हणजे सगळा डेटा एका फाइलीत ठेवणाऱ्या छोट्या डेटाबेस प्रणालीत असतो, आणि अर्धवट राहिलेला व्यवहार मागे घेण्यासाठी लागणारी माहिती याच फाइलीत असते. ती उडवली तर डेटाच बिघडू शकतो. तिसऱ्या फोनला वार्षिक देखभालीचे पैसे भरा असे उत्तर आले. त्यांच्याच चुकीसाठी पैसे मोजायची माझी तयारी नव्हती.

डेटा फाइलच खराब झाली आहे, असे मी तोवर समजत होतो. तो समज चुकीचा निघाला. विक्रीचा अहवाल वेगळ्या खिडकीत उघडा असला की बिल अडते आणि तीच यादी शेवटच्या ओळीपर्यंत सरकवली की सेव्ह होते, हे एका दुपारी लक्षात आले. अहवाल सरकवू तशा ओळी आणतो. सगळ्या ओळी येईपर्यंत त्याचे वाचन संपत नाही, आणि जुन्या जर्नल पद्धतीत वाचणारा बाजूला झाल्याशिवाय लिहिणाऱ्याला फाइलीत बदल पक्का करता येत नाही. थोडा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करण्याची सोय एसक्यूलाइटमध्ये आहे, परंतु ती सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला सुरू करावी लागते आणि इथे ती केलेली दिसत नाही.

आधी प्रतीवर चाचणी घेऊन मी डेटा 'वॉल' पद्धतीवर नेला, ज्यात नवे बदल आधी वेगळ्या 'वॉल' फाइलीत लिहिले जातात आणि वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही. ही सोय २०१० पासून एसक्यूलाइटमध्ये आहे. मात्र नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ती चालत नाही, आणि सॉफ्टवेअर चालू असताना नुसती मुख्य फाइल कॉपी केली तर ताजी बिले सोबतच्या 'वॉल' फाइलीतच राहून जातात, म्हणून बॅकअप मी दुकान बंद करताना, सॉफ्टवेअर बंद करूनच घेतो.

गेल्या दोन महिन्यांत तो संदेश एकदाही आलेला नाही. 'ओके' बटण मात्र अजून तसेच आहे, आणि ते बदलेपर्यंत मी परवान्याचे नूतनीकरण करणार नाही.