ओपेनहाइम यांचा सिग्नल्स अँड सिस्टिम्स कोर्स: सेमिस्टरभर वापरल्यानंतरचा अनुभव

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना सिग्नल्स अँड सिस्टिम्स का जड जातो, हे वेगळं सांगायला नको. फूरिये, लाप्लास, झेड-ट्रान्सफॉर्म ही सिग्नल तपासायची गणिती रूपांतरं एकामागोमाग अंगावर येतात आणि पहिल्या वर्षाचं गणित आपल्या वाट्याला आलेलंच नसतं. मी ठाण्याची, कॉलेज नवी मुंबईत, ब्रँच ईएक्सटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन). एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर मोफत मिळणारा प्रा. ॲलन ओपेनहाइम यांचा कोर्स मी त्या सेमिस्टरला लावला आणि पुढच्या सुट्टीतही चालू ठेवला. आता डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) शिकताना तो रोज कामाला येतोय.

एकूण 26 व्याख्यानं, 1987 साली चित्रित झालेली. ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये मोबाइलवर बघायचा बेत असेल तर सोडून द्या. आलेख वाचायचे असतात, मध्येच थांबवून वहीत काढायचे असतात. टेबल, लॅपटॉप आणि पेन्सिल हवीच. इंग्रजी मात्र संथ आणि स्वच्छ आहे, मराठी माध्यमातून आलेल्यांनी घाबरू नये.

या कोर्ससाठी मी सगळ्यात जास्त ऋणी आहे ती चौथ्या व्याख्यानामुळे, म्हणजे कन्व्होल्यूशनमुळे (इनपुट आणि सिस्टिमचा प्रतिसाद यांवरून आउटपुट काढायची क्रिया). क्लासमध्ये आपण ते ‘उलटा करा, सरकवा, गुणा, बेरीज करा’ असं पाठ करतो. उत्तर येतं, पण उलटा का करायचा हे कुणी विचारत नाही. ओपेनहाइम सुरुवात दुसऱ्या टोकाने करतात. इनपुटचे इम्पल्समध्ये, म्हणजे क्षणभराच्या ठोक्यांमध्ये, तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकडा सिस्टिममधून स्वतःचा प्रतिसाद उठवतो, त्या तुकड्याएवढा लहान-मोठा आणि तेवढाच उशिरा. ते सगळे एकमेकांवर रचले की आउटपुट. आता एखाद्या क्षणी उभं राहून मागे पाहा: नुकताच आलेला तुकडा प्रतिसादाच्या सुरुवातीला असतो, जुना तुकडा शेपटाकडे पोचलेला असतो. उलटा करणं म्हणजे एवढंच!

हे पटावं म्हणून मी एक प्रयोग केला, तो तुम्हीही करा. आमच्या इमारतीच्या जिन्यात भावाला एक कडक टाळी वाजवायला लावली आणि तिचा घुमारा विरेपर्यंत मोबाइलवर रेकॉर्ड केला. टाळी म्हणजे शुद्ध इम्पल्स नव्हे, पण कामचलाऊ नक्की आहे. मग खोलीत गाद्या-गोधड्यांच्या मध्ये बसून स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला, तिथे घुमारा जवळजवळ नसतो. दोन्ही फाइल एकाच सॅम्पलिंग रेटला (सेकंदाला घेतलेले नमुने) ठेवल्या आणि ऑक्टेव्ह या गणिताच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्व्ह’ ही कन्व्होल्यूशनची एक आज्ञा दिली. हेडफोनमध्ये मी जिन्यात उभी राहून बोलत होते. जिन्यात न जाता! त्या दिवसानंतर इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे एका ठोक्याला सिस्टिमने दिलेला प्रतिसाद, ही व्याख्या मला कधी पाठ करावी लागली नाही.

एकदा हे कळलं की ठाणे स्टेशनवरची घोषणा नीट का ऐकू येत नाही तेही मांडता येतं. समजा दोन भोंगे आहेत आणि दुसऱ्याचा आवाज तुमच्यापर्यंत यायला 34 मीटर जास्त कापतो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 340 मीटर, म्हणजे तो 0.1 सेकंद उशिरा येणार. सिस्टिम झाली ‘मूळ अधिक उशिराची प्रत’. दोन्ही आवाज सारख्याच जोराचे असतील तर फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्समध्ये (कोणती फ्रिक्वेन्सी किती जोरात बाहेर येते त्यात) 5, 15, 25 हर्ट्झ अशा दर 10 हर्ट्झला खाचा पडतात. शब्दांची टोकंही एकमेकांवर चढतात, ते वेगळंच.

फूरियेची व्याख्यानं चांगली आहेत, पण ती सलग बघू नका, दमछाक होते. मॉड्युलेशनचं (सिग्नल वाहक लहरीवर चढवण्याचं) प्रात्यक्षिक जरूर पाहा. सोळावं व्याख्यान सॅम्पलिंगचं आहे. त्यात फिरत्या चकतीवर स्ट्रोबचा (ठरावीक वेळाने लुकलुकणाऱ्या दिव्याचा) प्रकाश टाकून एलियसिंग, म्हणजे नमुने कमी पडल्याने वेगळंच काही दिसणं, डोळ्यांसमोर आणतात. तीन पात्यांचा पंखा सेकंदाला 10 फेरे घेत असेल आणि कॅमेरा 30 फ्रेम टिपत असेल तर पंखा थांबल्यासारखा दिसतो, किंचित मंदावला की उलटा फिरतो. टेलिफोनसाठी सेकंदाला 8,000 आणि सीडीसाठी 44,100 नमुने का, हे इथून पुढे आपोआप सुचतं.

परीक्षेचं वेगळं बोलते. फक्त या कोर्सवर पेपर सोडवायला बसू नका. आपल्याकडे पार्शल फ्रॅक्शनची (मोठ्या अपूर्णांकाचे सोपे तुकडे पाडायची) लांबलचक गणितं वेळेत संपवावी लागतात, तो हात जुन्या प्रश्नपत्रिका सोडवूनच बसतो. स्टेट-स्पेसवर (सिस्टिम तिच्या आतल्या अवस्थांवरून मांडायची पद्धत) यात स्वतंत्र व्याख्यान नाही. अभ्यासक्रमात असेल तर ते दुसरीकडून करा. केटी लागलीय (नापास झालेला विषय पुन्हा द्यायचाय) आणि पेपरला आठवडा उरलाय अशा वेळी हा कोर्स उघडण्यात अर्थ नाही. सेमिस्टर सुरू होण्याआधी महिनाभर मिळत असेल तर पहिली पाच व्याख्यानं करून ठेवा, कॉलेजमधला पुढचा सगळा भाग हलका जातो.

व्याख्यानांसोबत गणितं आणि त्यांची उत्तरं पीडीएफमध्ये आहेत. वेळ कमी असेल तर व्याख्यान अर्धं सोडा, पण गणितं सोडू नका. आणि कंट्रोल सिस्टिम्स घेणाऱ्यांनी शेवटचं, उलट्या पेंड्युलमचं व्याख्यान लाप्लास झाल्याशिवाय उघडू नये. उजव्या बाजूचा, म्हणजे सिस्टिम अस्थिर करणारा पोल फीडबॅकने (आउटपुट परत इनपुटकडे वळवून) डावीकडे कसा आणतात हे त्यात आहे, आणि आमच्या या सेमिस्टरचा निम्मा विषय तोच आहे.