बेकचं आधी काय ऐकावं: ‘मॉर्निंग फेज’ की ‘कलर्स’?

अमेरिकन गायक-गीतकार बेक हॅन्सनचा नवा अल्बम आला की समीक्षक त्या अल्बमवर दोन परिच्छेद लिहितात आणि त्याच्या जुन्या अल्बमांवर चार. त्यांचाही नाइलाज आहे. १९९४ साली ‘लूझर’ हे गाणं अमेरिकेत पहिल्या दहांत पोचलं. स्लाइड गिटार, हिप-हॉपचा ठेका आणि अर्थाचा पत्ता लागू न देणारे शब्द असा सगळा प्रकार. लॉस एंजेलिसचा हा पोरगा एकाच गाण्यापुरता, असं तेव्हा अनेकांनी ठरवूनही टाकलं होतं. दोन वर्षांनी ‘ओडिले’ आला, त्याला दोन ग्रॅमी मिळाले आणि ‘व्हिलेज व्हॉइस’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकानं घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात तो त्या वर्षीचा पहिला ठरला. १९९८ मध्ये ‘म्युटेशन्स’वर लोकसंगीताकडे झुकलेली गाणी, १९९९ मध्ये ‘मिडनाइट व्हल्चर्स’वर नाचऱ्या ठेक्याचं फंक आणि फाजीलपणा, २००२ मध्ये ‘सी चेंज’वर प्रेमभंगानंतरची संथ, दुखरी गाणी. दर वळणावर जुना श्रोता थोडा भांबावला आणि नवा येऊन मिळाला.

त्यामुळे आज ज्याला बेक ऐकायला सुरुवात करायची आहे त्याची पंचाईत होते. नव्वदच्या दशकातले अल्बम त्या काळाच्या संदर्भांनी लडबडलेले आहेत, तिथून सुरुवात करणं थोडं जड जातं. अलीकडच्या काळातलं म्हणावं तर दोन नावं हमखास पुढे येतात: फेब्रुवारी २०१४चा ‘मॉर्निंग फेज’ आणि ऑक्टोबर २०१७चा ‘कलर्स’. दोघांत साडेतीन वर्षांचं अंतर. ऐकताना मात्र दोन वेगळ्या माणसांचे वाटावेत इतके ते निराळे आहेत. दोन्ही अल्बम बिलबोर्डच्या अमेरिकी खपाच्या यादीत थेट तिसऱ्या क्रमांकावर दाखल झाले, दोन्हींना ग्रॅमी मिळाले. समीक्षकांचं स्वागत मात्र सारखं नव्हतं. पहिल्याला आदर मिळाला. दुसऱ्याला कुठे टाळ्या मिळाल्या, कुठे नाकं मुरडली गेली.

निवड करताना या निकालाकडे किती लक्ष द्यायचं? माझ्या मते, परीक्षणांतलं वर्णन जरूर वाचा, गुण मात्र सोडून द्या. कारण हे गुण बेकला बेकशीच ताडून दिलेले आहेत, आणि तुम्ही तर त्याला पहिल्यांदाच ऐकणार आहात.

‘मॉर्निंग फेज’पासून सुरुवात करू. २००८च्या ‘मॉडर्न गिल्ट’नंतर जवळजवळ सहा वर्षं बेकनं पूर्ण अल्बम काढला नव्हता. पाठीच्या कण्याच्या दुखापतीनं त्याला बराच काळ जखडून ठेवलं होतं. मधल्या काळात त्यानं ‘साँग रीडर’ नावाचा एक अफलातून उद्योग केला: वीस गाण्यांची छापील नोटेशनं प्रसिद्ध केली, रेकॉर्डिंग नाही, ज्याला ऐकायचंय त्यानं स्वतः वाजवून घ्यावं. (याबद्दल खरं तर स्वतंत्र लिहायला हवं.) आणि मग हा अल्बम आला. तेरा तुकडे, पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ, निर्माता स्वतः बेक. सोबतीला ‘सी चेंज’चीच मंडळी: ढोलांवर जोई वॉरोन्कर, बासवर जस्टिन मेल्डल-जॉन्सन, गिटारवर स्मोकी हॉर्मेल, कीबोर्डवर रॉजर मॅनिंग. तंतुवाद्यांची रचना बेकचे वडील डेव्हिड कॅम्पबेल यांची. या क्षेत्रात त्यांचं स्वतःचं नाव मोठं आहे, त्यामुळे मुलाच्या अल्बमवर बापाची वर्णी लागली असा प्रकार नाही.

सुरुवातीला चाळीसेक सेकंदांची तंतुवाद्यांची लकेर आहे, आणि लगेच ‘मॉर्निंग’. इथेच समीक्षकांचे कान टवकारले. ध्वनिक गिटारचा तो सावकाश झंकार आणि त्यामागचं धुकं ‘सी चेंज’च्या पहिल्या गाण्याशी, ‘द गोल्डन एज’शी, इतकं जुळतं की ते योगायोगानं झालं असं म्हणताच येत नाही. बारा वर्षांपूर्वी सोडलेली खोली त्यानं पुन्हा उघडली आणि ते लपवलंही नाही. मग परीक्षणांमध्ये दोन तट पडले. एका गटाला यात पिकलेपण दिसलं: तेव्हाच्या रात्रीनंतरची ही सकाळ आहे, दुःख तेच पण आता त्याचं ओझं वाहता येतंय. दुसऱ्या गटाला हा सुंदर पण सुरक्षित अल्बम वाटला. इतक्या उड्या मारणारा माणूस आपल्याच पावलांवर पाऊल टाकत का चालतोय, असा त्यांचा सवाल होता.

गंमत म्हणजे ज्याच्या मापानं हे मोजलं गेलं त्या ‘सी चेंज’बद्दलही २००२ साली एकमत नव्हतं. ‘रोलिंग स्टोन’ मासिकानं त्याला पाचपैकी पाच तारे दिले; ‘पिचफोर्क’ या संगीतविषयक संकेतस्थळानं दहापैकी सातही दिले नाहीत. ज्या अल्बमला आपण आज निर्विवाद अभिजात समजतो तो आल्या दिवशी तसा नव्हता. म्हणून ताज्या परीक्षणांतला आकडा फार मनावर घेऊ नये.

माझ्या कानाला ‘मॉर्निंग फेज’ची खरी ताकद ‘वेव्ह’मध्ये सापडते. गिटार नाही, ढोल नाही. नुसता आवाज आणि तंतुवाद्यांची भरती. शेवटी एकटेपणाचा एकच शब्द तो पुनःपुन्हा म्हणतो आणि तोवर गाण्याखालची जमीन सरकलेली असते. ‘सी चेंज’वर इतकं उघडंवाघडं काही नाही. ‘ब्लू मून’मध्ये तेच एकटेपण गोड चालीत येतं. ‘कंट्री डाउन’ सत्तरच्या दशकाच्या उंबऱ्यावरच्या कॅलिफोर्नियातल्या कंट्री-रॉकला केलेला सरळ नमस्कार आहे. दोष सांगायचा तर लयीचा. जवळपास सगळा अल्बम एकाच संथ चालीनं चालतो. लक्ष दुसरीकडे असेल तर ‘से गुडबाय’ संपून पुढचं गाणं कधी लागलं ते कळत नाही. हा अल्बम कामं करता करता ऐकण्याचा नाही. हेडफोन, अंधार आणि सलग पाऊण तास, एवढं मागतो. तेवढं द्यायची तयारी नसेल तर तो कंटाळवाणा वाटेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही.

याच अल्बमभोवती आणखी एक धुरळा आहे. ८ फेब्रुवारी २०१५च्या ग्रॅमी सोहळ्यात गायक प्रिन्सनं वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ‘मॉर्निंग फेज’चं नाव वाचलं. स्पर्धेत बियॉन्सेचा तिच्याच नावाचा अल्बम होता, शिवाय सॅम स्मिथ, एड शीरन आणि फॅरेल विल्यम्स. रॅपर कान्ये वेस्ट मंचावर चढला, माइकपर्यंत आला आणि काही न बोलता परत फिरला. नंतर मात्र त्यानं बोलून दाखवलं की बेकनं तो पुरस्कार बियॉन्सेला द्यायला हवा होता. बेकनं शांतपणे सांगितलं की तिलाच मिळेल असं त्यालाही वाटलं होतं. त्या रात्रीनंतर ‘मॉर्निंग फेज’ म्हणजे ‘बियॉन्सेला हरवणारा अल्बम’ झाला आणि ज्यांनी त्याचं एक गाणंही ऐकलं नव्हतं त्यांचंही त्याच्याबद्दल ठाम मत तयार झालं. परिणामांच्या दृष्टीनं त्या वर्षी बियॉन्सेचा अल्बम मोठा होता, हे मला मान्य आहे. पण ग्रॅमीच्या मतदारांचा राग तेरा गाण्यांवर काढण्यात अर्थ नाही.

आता ‘कलर्स’. दहा गाणी, साधारण चाळीस मिनिटं. ‘मॉर्निंग फेज’वर वादकांचा ताफा होता, इथे मुख्यतः दोनच माणसं: बेक आणि ग्रेग कर्स्टिन. कर्स्टिन म्हणजे अडेलच्या ‘हेलो’चा सहलेखक आणि निर्माता; २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्तम निर्मात्याचा ग्रॅमी त्याच्याकडे गेला. ‘सी चेंज’च्या दिवसांत तो बेकबरोबर दौऱ्यावर वाजवत असे, म्हणजे ही बाजारानं जुळवलेली जोडी नव्हे. तरीही कर्स्टिनचं नाव वाचूनच काही समीक्षकांनी भुवया उंचावल्या: बेक आणि रेडिओवरचा पॉप?

होय, पॉपच, आणि तेही चोख घासूनपुसून. ‘ड्रीम्स’ हे गाणं २०१५ मध्येच बाहेर आलं होतं, ‘वाव’ २०१६ मध्ये, ‘अप ऑल नाइट’ त्याच वर्षी ‘फिफा १७’ या व्हिडिओ गेममधून. अल्बम हाती पडेपर्यंत त्यातला बराच भाग लोकांना पाठ होता. याचा स्वागतावर परिणाम झालाच. नव्या अल्बमबद्दलचं कुतूहल आधीच खर्च झालं होतं. त्यात ‘वाव’ हे गाणं बासरीसारख्या धूनवर आणि ट्रॅप या हिप-हॉपच्या प्रकारातल्या ठेक्यावर उभं आहे. एकटं ऐकायला मजेशीर, पण बाकीच्या नऊ गाण्यांत उपरं वाटतं. ज्यांना ‘कलर्स’ आवडला त्यांनी त्यातल्या आनंदाचं कौतुक केलं. आवडला नाही त्यांची तक्रार अशी की एवढ्या चकाकीत बेक नावाचा विक्षिप्त माणूस कुठे हरवला?

ही तक्रार मला अर्धीच पटते. शब्दांच्या बाबतीत ती खरी आहे. ‘ओडिले’च्या वेळी एका ओळीत चार चमत्कारिक प्रतिमा कोंबणारा माणूस इथे ‘मी मोकळा आहे’ छापाच्या ओळींवर समाधान मानतो. चालींच्या बाबतीत मात्र नाही. ‘डिअर लाइफ’ ऐका. पियानोवर बीटल्सच्या घराण्यातली उसळती चाल आणि शब्द मात्र जगण्याला कसंबसं धरून ठेवण्याचे. ‘नो डिस्ट्रॅक्शन’मध्ये ‘द पोलिस’ या बँडची गिटार आठवते, पण गाणं नक्कल ठरत नाही. आणि शेवटचं ‘फिक्स मी’, जे बेकनं एकट्यानं केलंय, ते तर ‘मॉर्निंग फेज’वरून वाट चुकून इथे आल्यासारखं आहे. म्हणजे तो विक्षिप्त माणूस हरवलेला नाही. फक्त या वेळी त्यानं डोकं शब्दांऐवजी आवाजांच्या थरांत घातलंय.

आणि इथेच एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. ध्वनिमुद्रणाच्या गुणवत्तेचा ग्रॅमी ‘मॉर्निंग फेज’लाही मिळाला आणि ‘कलर्स’लाही, ‘कलर्स’ला शिवाय सर्वोत्तम पर्यायी संगीताचाही. पुढे २०१९च्या ‘हायपरस्पेस’नंही ध्वनिमुद्रणाचा तोच पुरस्कार पटकावला. सलग तीन अल्बम. समीक्षकांत वाद होता तो आशयाबद्दल, शैलीबद्दल, अपेक्षांबद्दल. आवाज कसा टिपायचा हे बेकला उत्तम कळतं याबद्दल वाद नव्हता. फरक इतकाच की ‘मॉर्निंग फेज’मध्ये वाद्यांच्या मधली हवा ऐकू येते, आणि ‘कलर्स’मध्ये हवेला जागाच ठेवलेली नाही, सगळं कानाशी येऊन भिडतं. म्हणून पहिला अल्बम चांगल्या हेडफोनवर फुलतो. दुसरा गाडीत, व्यायाम करताना, फोनच्या छोट्या स्पीकरवरसुद्धा तग धरतो.

तर निवड. तुम्हाला निक ड्रेक, नील यंगचे शांत अल्बम, तंतुवाद्यांनी भरलेली संथ गाणी जवळची वाटत असतील तर ‘मॉर्निंग फेज’ घ्या आणि ‘सी चेंज’शी तुलना करणारी परीक्षणं नंतर वाचा. ‘सी चेंज’ माहीत नसलेल्याला पुनरावृत्तीचा आरोप लागूच होत नाही. उलट मला वाटतं अशा श्रोत्याला हा अल्बम जास्त भिडतो. ज्याला गाणं पहिल्या मिनिटात पकड घेणारं लागतं, ज्याला संथ अल्बम झेपत नाहीत, त्यानं ‘कलर्स’ घ्यावा, ‘वाव’ खुशाल गाळावं आणि शब्दांकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. दोन्हींतून एकच टिकाऊ अल्बम निवडायला सांगाल तर मी ‘मॉर्निंग फेज’कडे झुकेन. तो सावकाश उलगडतो, म्हणून पुन्हा ऐकला जातो. पण पहिली ओळख म्हणून ‘कलर्स’ सोपा आहे, आणि नुसतं सोपं असणं हा काही अल्बमचा दोष नव्हे.

ठरतच नसेल तर अख्खा अल्बम लावण्याआधी ‘वेव्ह’ आणि ‘डिअर लाइफ’ ही दोनच गाणी ऐका. ज्याला अर्ध्यावर थांबवावंसं वाटलं नाही तो तुमचा अल्बम.

‘हायपरस्पेस’चं काय, असा प्रश्न येईलच. तो बराचसा फॅरेल विल्यम्सच्या साथीनं झालेला आहे आणि या दोन अल्बमांच्या मधला आहे: ‘कलर्स’सारखी सिंथेसायझरची चकाकी, ‘मॉर्निंग फेज’सारखा मंद, विरक्त सूर. स्वागतही मधलंच झालं, ना जयजयकार ना धिक्कार. सुरुवात करायला मी तो सुचवणार नाही, पण दोन्ही आवडल्यावर तिसरा म्हणून नक्की.

पुढची वाट मात्र वेगवेगळी आहे. ‘मॉर्निंग फेज’ भावला तर ‘सी चेंज’, आणि मग ‘म्युटेशन्स’. ‘कलर्स’ भावला तर ‘मिडनाइट व्हल्चर्स’. तिथे नाचही आहे आणि ‘कलर्स’मध्ये न सापडणारा वात्रटपणाही. दोन्हींपैकी काहीच पटलं नाही तर बेकला इतक्यात रजा देऊ नका, एकदा ‘ओडिले’ लावा.