दुसरीच्या वर्गशिक्षिकेने नेमके काय करावे? : खतनाविरोधी प्रशिक्षणावरील अभिप्राय

कोल्हापुरातील एका प्राथमिक शाळेत मी गेली एकोणीस वर्षे शिकवते आणि त्यांतील बहुतेक वर्षे माझ्याकडे दुसरीचा वर्ग आहे. मुलींचा खतना (बाह्य जननेंद्रियाचा काही भाग कापण्याची प्रथा) कसा रोखावा आणि त्याची माहिती कोणाला, कशी कळवावी, या विषयावर शिक्षिका, अंगणवाडी पर्यवेक्षिका व परिचारिका यांच्यासाठी राजारामपुरीतील एका सभागृहात नुकतेच एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. त्याला मी तीनशे रुपये शुल्क भरून गेले होते. पुढे काही उणिवाही लिहायच्या असल्यामुळे आयोजक संस्थेचे नाव देत नाही.

दुसरीचा उल्लेख मी मुद्दाम केला. भारतात ही प्रथा प्रामुख्याने दाऊदी बोहरा या मुस्लिम समाजात ‘खतना’ किंवा ‘खफ्ज’ या नावाने आढळते आणि ती साधारणपणे मुलीच्या सातव्या वर्षी पार पाडली जाते, म्हणजे नेमकी माझ्या बाकांवर बसणाऱ्या मुलींच्या वयात. दोन प्रशिक्षिकांपैकी एक स्वतः त्या समाजातील, पन्नाशीच्या पुढच्या होत्या. आजीने फिरायला नेते असे सांगून कोणत्या जिन्याने वर नेले, एवढेच त्यांनी सांगितले आणि त्या थांबल्या. याविरुद्ध सर्वांत आधी व सर्वांत ठामपणे त्याच समाजातील स्त्रिया बोलल्या आहेत, त्यामुळे येथून बाहेर पडताना कोणी एखाद्या समाजाविषयी कुजबुज घेऊन जाणार असेल तर त्याने आत्ताच जावे, असेही त्यांनी बजावले. दिवसभराचा सूर त्या एका वाक्याने सांभाळला.

सकाळचे सत्र माहितीचे होते. कोल्हापुरातील बहुतेक कार्यक्रमांप्रमाणे येथेही शाहू महाराजांचे नाव घेतले गेले, परंतु या वेळी तो निव्वळ उपचार नव्हता: संस्थानात १९१९ साली स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध नियम झाले, म्हणजे घरात होणारी क्रूरता ही केवळ घरची बाब नाही हे या गावाने शंभर वर्षांपूर्वी मान्य केले आहे, असा धागा प्रशिक्षिकांनी जोडला. जागतिक आरोग्य संघटना या प्रथेचे चार प्रकार मानते, तिचा आरोग्याला कोणताही लाभ नाही असे स्पष्ट सांगते आणि ती डॉक्टरांच्या हातून होण्यालाही विरोध करते. हा शेवटचा भाग अधिक वेळ घेण्याच्या योग्यतेचा होता, कारण ‘आता पूर्वीसारखे ब्लेड नाही, दवाखान्यात स्वच्छ होते’ हा युक्तिवाद शिकलेल्या घरांतून सहज येतो. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार ही प्रथा सोसलेल्या मुली व स्त्रिया जगात २३ कोटींहून अधिक आहेत.

त्यानंतरचे कायद्याचे सत्र मात्र ताणले गेले. भारतात या प्रथेविरुद्ध स्वतंत्र कायदा नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. २०१८ मध्ये केंद्र सरकारची बाजू मांडणाऱ्या महान्यायवादींनी प्रचलित फौजदारी कायदा व पॉक्सो (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा) यांखाली हा गुन्हाच ठरतो अशी भूमिका मांडली. प्रथेचे समर्थन करणाऱ्या बोहरा स्त्रियांच्या संघटनेनेही आपली बाजू न्यायालयापुढे ठेवली. आणि प्रकरण घटनापीठाकडे सोपवले गेले. एवढे दहा मिनिटांत सांगता आले असते. पडद्यावर एकामागून एक कलमे सरकत राहिली आणि मागच्या रांगेत जांभया सुरू झाल्या. त्या गर्दीत पॉक्सोचे कलम १९ हरवते की काय अशी मला भीती वाटत होती, परंतु दुसऱ्या प्रशिक्षिकेने ते नेमके उचलले. गुन्हा घडल्यावरच नव्हे, तर तो घडण्याची शक्यता वाटत असेल तरीही विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर त्यामुळे दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. आणि गुन्हा माहीत असून न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘पुरावा नाही, मग कसे बोलू’ ही आम्हा शिक्षिकांची नेहमीची ढाल तेथेच गळून पडली.

सर्वांत मोलाचे होते दुपारचे प्रात्यक्षिक. प्रशिक्षिका सात वर्षांची मुलगी झाल्या आणि म्हणाल्या, “बाई, सुट्टीत मुंबईला जायचंय. फुई (आत्या) म्हणाली, मोठं झाल्यावर करतात ते करायचं. पण कोणाला सांगायचं नाही.” समोर बसलेल्या अनुभवी बाईंनी लगेच ‘काय करायचं? कोण करणार? आईला माहीत आहे का?’ अशी सरबत्ती लावली, आणि मुलगी गप्प झाली. मीही तेच केले असते. मग दुसऱ्या फेरीत शिकवले ते असे: तिचे बोलणे पूर्ण ऐकायचे, ‘मला सांगितलंस ते बरं केलंस’ एवढेच म्हणायचे, गुपित ठेवण्याचे वचन द्यायचे नाही, तिचेच शब्द तारीख-वेळेसह लिहून ठेवायचे, आणि घरी फोन करून खुलासा मागण्याआधी मुख्याध्यापकांना सांगून १०९८ या बालकांच्या मदतक्रमांकावर कळवायचे, कारण घरी आधी विचारले तर प्रवासाची तारीख अलीकडे येऊ शकते. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो, ही माहितीही येथेच मिळाली आणि पोलिसांचे नाव काढताच येणारा ताण थोडा उतरला.

प्रतिबंधाच्या बाजूला हे प्रशिक्षण तोकडे पडते. ज्या आजीला हे करणे म्हणजे नातीचे भले करणे वाटते आणि ज्या सुनेला नको असूनही समाजातून तुटण्याची धास्ती आहे, त्यांच्याशी पालकसभेत कोणत्या शब्दांत बोलावे, यासाठी शेवटची वीस मिनिटे उरली होती. ‘आमच्या भागात बोहऱ्यांची घरे मोजकीच, मग हे आम्हाला कशाला?’ असा प्रश्न गडहिंग्लजकडील एका पर्यवेक्षिकेने विचारला. ‘ताई, तुमच्या भागात देवाला मुली सोडल्या जात होत्या, तेव्हाही प्रत्येक घरातून सोडत नव्हते,’ हे उत्तर चपखल होते, पण त्या दोन प्रथांमधील साम्य-भेद उलगडण्याआधीच चहा आला.

पुस्तिकेबाबत माझा आक्षेप अधिक गंभीर आहे. वीस पानांपैकी बारा पाने इंग्रजीत आहेत, मराठी भाग भाषांतरित असून ‘जोखीमग्रस्त बालिका निर्देशक’ असल्या शब्दांनी भरलेला आहे, आणि संपर्काच्या पानावर मुंबई-पुण्याचेच क्रमांक छापले आहेत. कोल्हापूरची बालकल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, सखी केंद्र यांच्यापुढे रिकाम्या रेघा सोडल्या आहेत. जेवण मात्र साधे आणि वेळेवर होते.

शुल्क व वेळ पाहता प्राथमिक शिक्षिकांनी हे प्रशिक्षण जरूर घ्यावे. मात्र परिचारिकांना मी थांबण्यास सांगेन, कारण जखम, रक्तस्राव व लघवीच्या तक्रारी घेऊन आलेल्या मुलीकडे कसे पाहावे हे येथे एका पानात आटोपले आहे. त्या रिकाम्या रेघांवर मी दुसऱ्या दिवशी स्वतः चौकशी करून क्रमांक भरले आणि ते पान हजेरीपटाच्या आतल्या बाजूला चिकटवले आहे.